पंडित माधवराव सप्रे : अनुतापाच्या अग्नीतून सिद्ध झालेला गुण

मनुष्यास जन्मतः लाभलेला गुण आणि त्या गुणाच्या बळावर त्याच्या हातून घडलेले कार्य या दोन गोष्टी लोक पुष्कळदा एकच समजतात. मुलगा बुद्धिमान निघाला, त्याचे पाठांतर चांगले आहे, त्याच्या हाती लेखणी शोभते, एवढे दिसले की आता याचे आयुष्य सार्थकी लागलेच, असे घरची माणसे मानू लागतात. वस्तुतः गुण ही केवळ ठेव होय. ती ईश्वराने दिली. ज्याच्याजवळ ती ठेविली गेली, त्याने तीत स्वतःची भर अद्याप काहीच घातलेली नसते. त्या ठेवीचे पुढे काय होते, हे सर्वस्वी दुसऱ्याच गोष्टींवर अवलंबून असते.

छत्तीसगडातील भिलाई हे पोलादाचे नगर या बाबतीत मोठा सुंदर दृष्टांत पुरविते. भिलाईच्या दक्षिणेस दल्ली-राजहरा येथे लोहखनिजाचे तांबूस डोंगर आहेत. युगानुयुगे ते तेथे उभे होते व त्यांच्या पोटात लोखंडही होते. पण तो दगड दगडच होता. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईस कारखाना उभारण्याचे ठरले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीत खनिजाबरोबर कोक घालतात, चुनखडी घालतात, खालून तप्त वायूचा झोत सोडतात. चुनखडी दगडातील मळ आपल्याकडे ओढून घेते, मळी वेगळी होते व लोखंड वेगळे होते.

परंतु एवढ्याने काम भागत नाही. झोतभट्टीतून जे प्रथम बाहेर येते, ते पोलाद नव्हे. ते कच्चे लोखंड होय. त्यात सुमारे ४ टक्के कार्बन राहून गेलेला असतो आणि त्यामुळे ते दिसावयास कठीण असले तरी ठिसूळ असते. घणाचा घाव बसला की ते वाकत नाही, तुटते. त्यास दुसऱ्या भट्टीत नेऊन तो अधिक कार्बन जाळून टाकल्यावरच पोलाद सिद्ध होते आणि मग त्याचे रूळ होऊन त्यांवरून देशभर आगगाड्या धावतात. एका अग्नीने दगडाचे लोखंड होते. लोखंडाचे पोलाद होण्यास दुसरा अग्नी लागतो.

याच भिलाईच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरांवर रायपूर शहर आहे. भिलाई हे एक लहानसे खेडे होते व छत्तीसगड हा मध्यप्रांताचा एक भाग होता, त्या काळी रायपुरात एका मराठी गृहस्थाच्या आयुष्यात असे दोन्ही अग्नी पेटले. पंडित माधवराव सप्रे हे त्यांचे नाव. हिंदी जगतात ते पत्रकारितेचे व गद्याचे एक आद्य शिल्पकार म्हणून वंदनीय आहेत. महाराष्ट्रात मात्र त्यांची ओळख जेवढी असावी तेवढी नाही. लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य हिंदी वाचकांच्या घरोघरी नेले ते यांनीच, एवढे सांगितले म्हणजे त्यांच्या चरित्राकडे प्रत्येक गीताभ्यासकाने का वळावे, हे ध्यानात येईल.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी आजच्या मध्यप्रदेशातील दमोह जिल्ह्यात पथरिया या गावी झाला. पित्याचे नाव कोंडोपंत व मातेचे लक्ष्मीबाई. घरची स्थिती बेताची होती. लहानपणीच कुटुंब बिलासपुरास आले आणि तेथे त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे ते रायपूरच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तेथे नंदलाल दुबे नावाचे हिंदीचे विद्वान शिक्षक होते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि या गुरुजींच्या सहवासात हिंदीची गोडी, अशा तिन्ही भाषांचे संस्कार त्या कोवळ्या मनावर एकाच वेळी झाले. मुलाचा ओढा कोणीकडे आहे हे ओळखणारा गुरू वेळेवर भेटणे, हे गुणाच्या वाढीतील पहिले भाग्य होय. ते त्यांना लाभले.

विद्याभ्यासाची वाट मात्र सरळ नव्हती. प्रकृतीच्या व संसाराच्या अडचणींमुळे शिक्षणात वारंवार खंड पडला. मध्यंतरी त्यांनी पेंड्रा भागात सार्वजनिक बांधकामाची ठेकेदारीही करून पाहिली. तीत खोट आली. दुसरा एखादा निराश होऊन घरी बसला असता. माधवराव पुन्हा पुस्तकांकडे वळले. ग्वाल्हेर, नागपूर अशा ठिकाणी राहून त्यांनी अभ्यास पुरा केला व एकोणिसावे शतक संपण्याच्या सुमारास कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळविली. त्या काळी पदवीधर म्हणजे सरकारी अधिकाराचा हक्काचा उमेदवार. तशी संधी त्यांच्यापुढे आलीही. परंतु परकीय सरकारची चाकरी करावयाची नाही असा निर्धार करून त्यांनी ती नाकारली. ते पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक झाले व त्या मिळकतीतून एक नियतकालिक काढण्याच्या खटपटीस लागले.

पेंड्रा हे तेव्हा बिलासपूर जिल्ह्यातील रानावनाने वेढलेले एक आडवळणी गाव होते. तेथून जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक निघाले. माधवराव त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांच्या जोडीस संपादक म्हणून रामराव चिंचोलकर होते व प्रकाशनाचा भार वामन बळीराम लाखे यांनी उचलला होता. तिघेही मराठी, आणि मासिक हिंदी! ज्या भूमीचे अन्न खाल्ले त्या भूमीच्या भाषेची सेवा करावी, ही त्यांची बुद्धी होती. मासिकात विद्याविषयक निबंध असत, नव्या पुस्तकांची साधार व निर्भीड समालोचना असे. ग्रंथाचे गुणदोष पद्धतशीर पारखण्याची शिस्त हिंदीत रुजविण्याच्या कामी या लहानशा मासिकाचा वाटा मोठा आहे.

१९०१ साली याच मासिकात माधवरावांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा आली. हिंदीतील पहिली लघुकथा असण्याचा मान काही विद्वान तिलाच देतात. एका श्रीमंत जमीनदारास आपल्या वाड्याचे आवार वाढविण्यासाठी शेजारच्या अनाथ विधवेची झोपडी हवी असते. न्यायालयाच्या आधाराने तो ती हस्तगत करतो. विधवा एके दिवशी येऊन, नातीसाठी चूल घालावयास त्या झोपडीतील एक टोपलीभर माती तेवढी नेऊ द्यावी, अशी विनवणी करते. माती भरल्यावर टोपलीस हात लावण्याची ती त्यालाच विनंती करते. तो वाकतो, पण टोपली त्याच्याने जागची हलत नाही. एका टोपलीचा भार ज्याला उचलत नाही, त्याच्याने या साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा वाहवेल, असा त्या वृद्धेच्या बोलण्याचा आशय असतो. जमीनदाराचे डोळे उघडतात, त्यास पश्चात्ताप होतो व तो झोपडी परत करतो. केलेल्या चुकीचा भार किती असतो आणि पश्चात्तापाने माणूस कसा मोकळा होतो, हे लिहिणाऱ्या त्या तरुणास हेच शब्द पुढे आपल्याच आयुष्यात अनुभवावे लागणार आहेत, याची तेव्हा कल्पना नव्हती.

तीन वर्षे हे मासिक चालले. ग्राहकांची वर्गणी वेळेवर येईना, तोटा भरून निघेना. अखेर डिसेंबर १९०२ मध्ये ते बंद करावे लागले. मासिक बुडाले, पण उद्योग बुडाला नाही. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने वैज्ञानिक परिभाषेचा कोश हाती घेतला, तेव्हा त्यातील अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम माधवरावांनी केले. १९०६ साली त्यांनी नागपुरातून 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. मिल या इंग्रज तत्त्वज्ञाच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला अनुवाद तीत प्रसिद्ध झाला. स्वदेशी व बहिष्कार या विषयावरील माधवरावांची स्वतःची पुस्तिकाही त्याच काळची. ती पुढे सरकारने जप्त केली. मग १३ एप्रिल १९०७ रोजी, टिळकांच्या 'केसरी'तील विचार हिंदी भाषिकांपर्यंत पोचावेत म्हणून, त्यांनी नागपुरात 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक काढले. त्याची भाषा धारदार होती. मध्यप्रांतातील व त्याबाहेरील तरुण त्याची वाट पाहू लागले.

येथवरचे चरित्र पाहिले तर कोणीही म्हणेल की यात उणे काय आहे? बुद्धी होती, परिश्रम होते, त्याग होता, कीर्तीही मिळू लागली होती. खरेच, पहिल्या भट्टीचे काम पुरे झाले होते. दगडाचे लोखंड झाले होते. पण घणाचा घाव अजून पडावयाचा होता.

तो घाव १९०८ साली पडला. त्या वर्षी सरकारने राष्ट्रीय वृत्तपत्रांवर राजद्रोहाचे खटले भरण्याचा सपाटा लावला. २४ जून रोजी मुंबईत लोकमान्यांना पकडण्यात आले आणि २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली; ती त्यांनी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात भोगली. बरोबर एक महिन्याने, २२ ऑगस्ट १९०८ रोजी, नागपुरात माधवराव सप्रे यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. 'हिंदी केसरी' निघू लागल्यास तेव्हा अवघे सोळा महिने झाले होते.

तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली. बाहेर कुटुंब हवालदिल झाले. विशेषतः त्यांच्या थोरल्या बंधूंनी क्षमापत्रावर सही करावी म्हणून पराकाष्ठेचा आग्रह धरला व आपल्या जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा केली. ज्या बंधूंच्या आधाराने आपण वाढलो, त्यांचा जीव एकीकडे आणि ज्या ध्येयासाठी आजवर लिहिले, ते ध्येय दुसरीकडे, अशा कैचीत सापडलेल्या माधवरावांनी अखेर क्षमापत्र दिले आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये त्यांची सुटका झाली.

सुटका झाली ती देहाची. जे तरुण त्यांच्या लेखांनी पेटून उठले होते, त्यांच्या माना खाली गेल्या. मित्रमंडळीत टीका झाली, वृत्तपत्रांतून दोष दिला गेला. आपला गुरुतुल्य नेता मंडालेस निघून जातो आणि आपण क्षमा मागून घरी येतो, हा विचार त्यांच्या अंतःकरणास अहोरात्र जाळू लागला. त्या वेळी त्यांचे वय सदतीस वर्षांचे होते.

अशा प्रसंगी मनुष्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. एक मार्ग समर्थनाचा. भावाचा प्राण वाचविला, कुटुंबाचे रक्षण केले, प्रकृती साथ देत नव्हती, अशी कारणे माधवरावांजवळ होती व ती खोटीही नव्हती. त्या आधारावर ते पुन्हा पूर्वीसारखे वावरू शकले असते. दुसरा मार्ग नैराश्याचा. आता आपले सर्व संपले असे म्हणून लेखणी टाकून द्यावी आणि उरलेले आयुष्य एखाद्या नोकरीत काढावे. पहिल्या मार्गाने दोष झाकला जातो, दुसऱ्या मार्गाने गुणच मारला जातो. दोन्ही मार्गांत मनुष्य आहे तेथेच राहतो.

माधवरावांनी तिसरा मार्ग धरिला. दोष त्यांनी पुरता पदरात घेतला आणि तो जाळण्यासाठी ते तपास बसले. वर्ध्याजवळ हनुमानगड येथे श्रीधर विष्णू परांजपे हे समर्थ संप्रदायातील सत्पुरुष राहत होते. त्यांच्या चरणी जाऊन माधवरावांनी उपदेश घेतला. बी. ए. झालेला, संपादक म्हणून प्रांतभर नावाजलेला हा मनुष्य तेथे मधुकरी मागून राहू लागला, आणि गुरूंच्या आज्ञेने समर्थांच्या दासबोधाची पारायणे करू लागला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत : शरीराचे, वाणीचे व मनाचे. त्यांचा अर्थ या प्रसंगाच्या प्रकाशात फार स्पष्ट होतो. ज्या हातांनी अग्रलेख लिहिले, ते हात भिक्षेसाठी पसरणे, हे शरीराचे तप. ज्या वाणीने इतरांस जागे केले, ती वाणी आता दुसऱ्याचे शब्द पुन्हा पुन्हा वाचण्यात गुंतविणे, हे वाणीचे तप. स्वाध्यायाचा अभ्यास गीतेने वाणीच्या तपातच गणला आहे. आणि लोकनिंदा ऐकूनही मनात कटुता येऊ न देणे, हे मनाचे तप. दासबोधाचे २० दशक व २०० समास आहेत. त्यांत लेखन कसे करावे येथपासून राजकारण कसे सांभाळावे येथपर्यंत सर्व काही आहे. आणि आरंभीच, दुसऱ्या दशकात, मूर्खाची व पढतमूर्खाची लक्षणेही आहेत. विद्या असूनही जो स्वतःस ओळखत नाही, त्याच्यासाठी समर्थांनी धरलेला तो आरसा आहे. विद्वानाने असा आरसा रोज पाहणे सोपे नसते. माधवरावांनी तो पाहिला.

भट्टीतील अधिक कार्बन जळावा तसा या काळात त्यांच्यातील मीपणा जळाला, असे पुढच्या कार्यावरून म्हणता येते. पूर्वीचा लेखक आणि या तपानंतरचा लेखक यांत एक मोठे अंतर दिसते. पूर्वी ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्रातून, स्वतःचे विचार मांडीत होते. आता त्यांनी आपली सारी शक्ती दुसऱ्याचे थोर विचार लोकांपर्यंत पोचविण्यास वाहिली. रायपुरास परत येऊन त्यांनी रामदासी मठ स्थापिला आणि काही वर्षांतच दासबोधाचा हिंदी अनुवाद सिद्ध केला. ज्या ग्रंथाने आपल्याला सावरले, तो ग्रंथ मराठी न जाणणाऱ्या कोट्यवधी बंधूंच्या हाती द्यावा, ही कृतज्ञताच त्या अनुवादाच्या मुळाशी आहे. सुमारे याच काळात मुलींच्या शिक्षणासाठी रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळाही त्यांनी सुरू केली.

आणि मग त्यांच्या आयुष्यातील मुख्य कार्य त्यांच्यापुढे आले. मंडालेच्या कारागृहात लोकमान्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहून काढले होते. १९१४ साली ते सुटून आले व जून १९१५ मध्ये मूळ मराठी ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवाद माधवराव सप्रे यांनी केला आणि तो १९१६ साली प्रकाशित झाला. पंधरा प्रकरणे, त्यांवर गीतेचे बहिरंगपरीक्षण करणारे परिशिष्ट आणि शिवाय मूळ श्लोकांचे भाषांतर व टिपा, एवढा हा प्रचंड ग्रंथ! वेदान्त, सांख्य, मीमांसा, पाश्चात्त्य नीतिशास्त्र आणि इतिहास हे सर्व विषय त्यात एकत्र आले आहेत. असा ग्रंथ मूळ प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आसपास दुसऱ्या भाषेत उतरविणे, हे सामान्य बळाचे काम नव्हे.

मराठीतून हिंदीत भाषांतर करणे सोपे, लिपी एक, शब्द बहुतेक संस्कृतच, असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. खरी अडचण त्यातच आहे. शब्द तोच असतो आणि अर्थ निराळा असतो. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षा म्हणजे विद्यादान. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठी गृहस्थ संसार म्हणतो तेव्हा त्याच्या मनात घरप्रपंच असतो, हिंदी वाचक त्याच शब्दाने सारे जग समजतो. राग हा शब्द तर गीतेतच वारंवार येतो. तेथे त्याचा अर्थ आसक्ती असा आहे आणि मराठी बोलीत तोच शब्द क्रोधाचा वाचक झाला आहे. अशा पावलोपावली असलेल्या खड्ड्यांतून ज्याला वाट काढावयाची, त्याच्याजवळ केवळ भाषेची देणगी असून चालत नाही. प्रत्येक शब्दापाशी थांबण्याचा धीर हवा. सुचलेले पहिले रूप खोडण्याची तयारी हवी. आणि मूळ ग्रंथकाराच्या मागे उभे राहून स्वतः दिसेनासे होण्याची नम्रता हवी. बालपणी तीन भाषांचा संस्कार झाला, ही माधवरावांची ठेव. कोशाचे, समालोचनाचे व संपादनाचे काम, हा त्यांचा अभ्यास. आणि हनुमानगडावरील तप, ही त्यांची नम्रता. तिन्ही एकत्र आली तेव्हा हे कार्य झाले.

याहूनही एक सूक्ष्म गोष्ट येथे विचारात घेण्यासारखी आहे. १९०८ साली त्याच एका आरोपाखाली दोघे सापडले होते. एक वाकले नाहीत आणि मंडालेस गेले. दुसरे वाकले आणि घरी आले. जे वाकले नाहीत, त्यांनी तुरुंगात कर्मयोगाचा ग्रंथ लिहिला. जे वाकले, त्यांनी तोच ग्रंथ आपल्या हाताने ओळीओळीने पुन्हा लिहून लक्षावधी लोकांस दिला. आपल्या चुकीची आठवण ज्याच्या पानापानातून यावी, असे काम त्यांनी टाळले नाही, शिरावर घेतले. रायपूरच्या रामदासी मठातूनच त्यांनी त्याची अनुवादकाची भूमिका लिहिली. जी टोपली एकदा उचलली नव्हती, ती त्यांनी अशा रीतीने शेवटी उचलली. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी मनाच्या निग्रहास अभ्यास व वैराग्य ही दोन साधने सांगितली आहेत आणि लगेच पुढे योगमार्गावरून ढळलेल्या साधकाविषयी अर्जुनाची शंका दूर करून, चांगल्या मार्गाने जाणाऱ्याची दुर्गती होत नाही, असे आश्वासनही दिले आहे. त्या आश्वासनाचे प्रत्यक्ष उदाहरण याहून निराळे काय असणार?

पुढील वर्षे अखंड उद्योगाची गेली. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतावरील मराठी विवेचनाचा 'महाभारत मीमांसा' हा त्यांचा हिंदी अनुवाद १९२० साली आला. त्याच वर्षी १७ जानेवारी रोजी जबलपूरहून 'कर्मवीर' हे साप्ताहिक निघाले. त्याच्या मागे मुख्य प्रेरणा माधवरावांची होती. परंतु संपादकाच्या जागी त्यांनी स्वतःचे नाव न घालता माखनलाल चतुर्वेदी या तरुण कवीस पुढे केले. ज्याने एके काळी स्वतःची पत्रे काढली, त्याने आता दुसऱ्याच्या हाती पत्र देऊन आपण मागे राहावे, हे त्या तपाचेच फळ होय. माखनलालजी पुढे हिंदीचे अग्रगण्य राष्ट्रीय कवी झाले. असहकाराच्या काळात रायपुरात राष्ट्रीय विद्यालय व अनाथालय स्थापण्यातही माधवरावांचा पुढाकार होता. १९२४ साली डेहराडून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाच्या पंधराव्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. ज्याची मातृभाषा मराठी, त्यास हिंदी जगताने आपल्या सर्वोच्च आसनावर बसविले. सोळा वर्षांपूर्वी ज्याची मान खाली गेली होती, तिला लोकांनीच सन्मानाने वर उचलले.

२३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे माधवरावांनी देह ठेविला. त्यांचे वय अवघे चौपन्न वर्षांचे होते. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे, आणि भोपाळ येथे १९८४ साली त्यांच्या नावाने स्थापन झालेले जुन्या वृत्तपत्रांचे व नियतकालिकांचे मोठे संग्रहालय आहे. तरी त्यांचे खरे स्मारक म्हणजे त्यांचे अनुवाद होत. उत्तर भारतातील कित्येक घरांत गीतारहस्य वाचले गेले ते त्यांच्याच भाषेतून. वाचणाऱ्यास अनुवादकाचे नाव ठाऊक असो वा नसो.

आज भिलाईच्या कारखान्यात देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी नांदत आहे. २०१६ पासून तेथे उच्च तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्थाही आहे. आपल्या मुलाच्या अंगचा गुण वाया जाऊ नये, ही काळजी त्या नगरातील घराघरांत आहे. ती भारतातील प्रत्येक गृहस्थाच्या घरात आहे. त्या काळजीस माधवरावांचे चरित्र तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट अशी की गुणास नियमित अभ्यासाची जोड हवी आणि अपयश आल्यावरही तो अभ्यास चालू राहावयास हवा. ठेकेदारी बुडाली तरी पदवी राहिली नाही. मासिक बंद पडले तरी लेखणी थांबली नाही. आपले मूल एका परीक्षेत मागे पडले की आईबाप उदास होतात व मुलासही उदास करतात. त्यांनी पेंड्र्याच्या त्या तीन वर्षांची आठवण ठेवावी. बुडालेल्या मासिकातील अभ्यास पुढे गीतारहस्याच्या कामी आला. केलेला सदभ्यास कोठेही जात नाही.

दुसरी गोष्ट अशी की चूक झाली तर ती कबूल करण्याचे बळ हवे. मुलांना आपण यशाची सवय लावतो, पण चुकीनंतर काय करावे हे शिकवीत नाही. मग तीच मुले मोठी होऊन चूक झाकावयास शिकतात, किंवा चुकीच्या ओझ्याखाली खचून जातात. चुकल्यावर काही काळ मागे सरावे, वडीलधाऱ्याच्या वा गुरूच्या आज्ञेत राहावे, हलके मानलेले काम आनंदाने करावे आणि मग पुन्हा उभे राहावे, हा क्रम घरातील लहानसहान प्रसंगांतूनच मुलांच्या अंगी बाणतो. आईबाप स्वतःची चूक मुलांसमोर मान्य करीत असतील तर तो लवकर बाणतो.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. गुण जोवर मीपणाच्या सेवेत असतो, तोवर तो ठिसूळ असतो. तो आपल्याहून मोठ्या अशा कशाच्या तरी सेवेस लावला म्हणजे त्यास टिकाऊपणा येतो. माधवरावांची स्वतंत्र प्रतिभा थोर होती, यात शंका नाही. पण त्यांची कीर्ती अढळ झाली ती दुसऱ्यांचे ग्रंथ लोकांस देण्यात व दुसऱ्या माणसांस पुढे आणण्यात. ज्याने स्वतःस मागे ठेविले, त्यास लोकांनी विसरू दिले नाही.

राजहऱ्याचा तांबूस दगड जेव्हा रूळ होऊन भिलाईबाहेर पडतो, तेव्हा त्याच्यावर कोणाचे नाव कोरलेले प्रवाशास दिसत नाही. तो भूमीवर पडून राहतो, सर्वांचा भार वाहतो आणि प्रवाशास इष्ट स्थळी पोचवितो. पंडित माधवराव सप्रे यांचे जीवन अशाच एका रुळासारखे आहे. ईश्वराने आपल्या घरी जो थोडाबहुत गुण ठेविला असेल, त्याचे असेच काही व्हावे, अशी इच्छा बाळगून प्रत्येक गृहस्थाने आपल्या दिवसाच्या कामास लागावे.